जिंकलेला सामना पुसता येतो का?



गेल्या महिन्यात युवा गटाच्या सभेत एका मुलाने आम्हाला विचारले, "फादर, कन्फेशनला जाऊन आलं की झालेलं पाप झालंच नाही असं होतं का?" सभा संपत आली होती, चहाही आला होता. आम्ही "नाही रे, तसं नसतं" एवढे बोलून वेळ मारून नेली. उत्तर अर्धवट राहिले हे आम्हाला कळले होते आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्यालाही कळले असावे. आज ते पुरे करण्याचा प्रयत्न करतो. त्यासाठी आपल्याला थोडे दूर, अमेरिकेतल्या एका कॅथोलिक विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर जावे लागेल. मैदानाचे नाव काढले की आपली मुले हे पान निदान अर्धे तरी वाचतील, असाही आमचा हिशेब आहे.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात साउथ बेंड नावाचे शहर आहे. तेथे १८४२ साली होली क्रॉस संस्थेचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरिन यांनी एक शिक्षणसंस्था सुरू केली. पवित्र मरियेच्या नावाने सुरू झालेली ही संस्था म्हणजे आजचे नोत्र दाम विद्यापीठ. अमेरिकन लोक 'नोटर डेम' म्हणतात, ते ऐकून फादर सोरिन यांना काय वाटले असते कोण जाणे! मुख्य इमारतीच्या सोनेरी घुमटावर मरियामातेचा पुतळा आहे. आवारात लूर्डच्या गुंफेची प्रतिकृती आहे, ती १८९६ सालची. ग्रंथालयाच्या उंच भिंतीवर दोन्ही हात वर केलेल्या ख्रिस्ताचे भव्य चित्र आहे आणि ते नेमके फुटबॉल मैदानाच्या दिशेने पाहते. खेळात गुण झाला की पंच असेच दोन्ही हात वर करतो. त्यामुळे विद्यार्थ्यांनी त्या चित्राला 'टचडाउन जीझस' असे नाव ठेवले आहे. सामन्याआधी संघासाठी मिस्सा होते. आयरिश, इटालियन, पोलिश अशा गरीब कॅथोलिक स्थलांतरितांकडे अमेरिकेत एके काळी तुच्छतेने पाहिले जाई. त्या काळात या संघाचा विजय त्यांना आपल्या घरचा विजय वाटे. ज्यांनी विद्यापीठाचे फाटकही पाहिले नव्हते तेसुद्धा शनिवारी रेडिओला कान लावून बसत.

हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू अंडाकृती असतो. तो हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे आणि समोरच्या अकरा धिप्पाड गड्यांनी अडवायचे. इतके समजले तरी पुढचे समजेल.

२०१२ च्या हंगामात या संघाकडून कोणाला फारशी आशा नव्हती. पहिल्या पंचवीस संघांच्या यादीतही सुरुवातीला त्याचे नाव नव्हते. पहिला सामना आयर्लंडमध्ये डब्लिनला झाला, त्यात त्यांनी नेव्हीचा ५०-१० असा पराभव केला. त्यानंतर विजयांची रांगच लागली. बरेच विजय अगदी थोडक्यात मिळाले. ऑक्टोबरमध्ये स्टॅनफर्डविरुद्धचा सामना जादा वेळेत गेला. नोत्र दाम २०-१३ ने पुढे होते. स्टॅनफर्डचा चौथा, शेवटचा प्रयत्न गोलरेषेवर अडवला गेला. चेंडू रेषेपार गेला होता की नाही, यावर आजही लोक वाद घालतात. नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गविरुद्धचा सामना तीन जादा डावांपर्यंत लांबला आणि २९-२६ असा सुटला. त्यात पिट्सबर्गची एक किक हुकली नसती तर तो सामना तिथेच त्यांचा झाला असता. त्या किकच्या वेळी नोत्र दामचे दोन खेळाडू एकाच क्रमांकाचा शर्ट घालून मैदानात होते. तो नियमभंग होता, पण पंचांच्या लक्षातच आला नाही. अशा रीतीने बारा सामने आणि बारा विजय झाले. देशात पहिला क्रमांक मिळाला. १९८८ च्या हंगामानंतर राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले नव्हते, ते आता हाताशी आले. ७ जानेवारी २०१३ ला अंतिम सामन्यात अलाबामाने त्यांना ४२-१४ असे लोळवले. तरीही, बारा विजय आणि एक पराभव. कोणत्याही कॉलेजने फोटो लावून ठेवावा असे हे वर्ष होते.

आता अधिकृत नोंदवहीत त्या वर्षासमोर काय लिहिले आहे पाहा : विजय शून्य, पराभव एक.

झाले ते असे. संघासोबत काम करणारी एक विद्यार्थिनी होती. खेळाडूंच्या दुखापतींकडे पाहणे हे तिचे काम. दोन खेळाडूंचा लेखी अभ्यास तिने बऱ्याच अंशी स्वतःच करून दिला आणि आणखी सहा जणांना नियमाबाहेरची मदत केली. हे लक्षात आल्यावर विद्यापीठाने स्वतःच चौकशी केली, ऑगस्ट २०१४ मध्ये ती जाहीर केली आणि संबंधित विद्यार्थ्यांचे जुने गुण कमी केले. गुण कमी झाल्यामुळे त्यांतले काही खेळाडू मागील तारखेपासून अपात्र ठरले. अपात्र खेळाडू घेऊन खेळलेले सामने म्हणून एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेने नोव्हेंबर २०१६ मध्ये २०१२ चे बारा आणि २०१३ चे नऊ, असे एकवीस विजय रद्द केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये अपीलही फेटाळले गेले. या शिक्षेला इंग्रजीत 'व्हेकेट' करणे म्हणतात. भाडेकरूने खोली खाली करावी तसा विजय खाली करायचा.

या शिक्षेत एक गंमत आहे. विजय खाली होतो, पण तो दुसऱ्या कोणाला मिळत नाही. स्टॅनफर्डचा त्या दिवशीचा पराभव हा पराभवच राहतो. म्हणजे वहीप्रमाणे स्टॅनफर्ड हरले आणि जिंकले मात्र कोणीच नाही. अलाबामाकडून झालेला पराभवही जागच्या जागी आहे. एकही सामना न जिंकलेला संघ अंतिम सामन्याला कसा पोहोचला, हे वही सांगत नाही.

(त्याच हंगामात याच्या अगदी उलट गोष्टही घडली. संघाचा नावाजलेला खेळाडू मँटाय टेओ याची आजी सप्टेंबरमध्ये वारली आणि त्याच सुमारास त्याची मैत्रीणही आजाराने गेली, असे त्याला कळले. सारा देश त्याच्यासाठी हळहळला. जानेवारीत उघडकीस आले की ती मुलगी कधी अस्तित्वातच नव्हती. फोन आणि इंटरनेटवरून कोणीतरी त्याला फसवले होते. एकाच वर्षी जे घडलेच नव्हते ते लोकांनी घडले म्हणून धरले आणि जे घडले होते ते पुढे न घडले असे ठरले. मात्र त्या मुलाने ढाळलेले अश्रू खरेच होते.)

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला हा प्रश्न पहिल्यांदा भेटला, तो अर्थातच फुटबॉलशिवाय. अॅरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्रात अगाथॉन या कवीचा हवाला देऊन म्हणतो की, घडून गेलेले न घडलेले करणे ही एकच गोष्ट देवालाही शक्य नाही. संत जेरोम यांनीही एके ठिकाणी तसेच लिहिले. अकराव्या शतकात मोंते कास्सिनोच्या मठात जेवणाच्या वेळी यावर चर्चा निघाली. देवाच्या सामर्थ्याला अशी मर्यादा घालणे संत पीटर डेमियन यांना रुचले नाही. त्यांनी मठाच्या प्रमुखांना त्यावर लांबलचक पत्र लिहिले. मठातल्या जेवणावरच्या गप्पा अशा असत! आमच्याकडे जेवताना बहुधा सिमेंटचे भाव निघतात.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा'मध्ये या वादाला शांतपणे उत्तर दिले. देव सर्वशक्तिमान आहे याचा अर्थ तो जे जे शक्य आहे ते सर्व करू शकतो. सॉक्रेटिस बसला होता आणि तोच सॉक्रेटिस त्याच वेळी बसला नव्हता, हे शब्द नुसते एकमेकांशेजारी ठेवले आहेत. त्यांतून कोणती गोष्टच तयार होत नाही. तेव्हा ती देवाला जमत नाही असे म्हणण्यात अर्थ नाही. मग ते पापी माणसाकडे वळतात. पतित माणसाच्या मनाची आणि शरीराची सगळी मलिनता देव दूर करू शकतो, पण त्याने पाप केले होते ही गोष्ट त्याच्यापासून दूर होत नाही. आमच्या युवा गटातल्या त्या मुलाचे उत्तर साडेसातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे.

मग एनसीएएने नेमके काय पुसले? आमच्या मते सामना पुसला नाही, पुसला तो सामन्यावरचा हक्क. गोलरेषेवर तो गडी अडवला गेला नव्हता असे कोणी म्हणत नाही. 'हे आमचे आहे' असे सांगण्याचा अधिकार मात्र काढून घेतला. सातबाऱ्यावरचे नाव कमी केले म्हणून शेत नांगरलेच नव्हते असे होत नाही. येथवर आम्हाला त्या संघटनेचे पटते. पण ज्यांनी स्वतःचा अभ्यास स्वतः केला, पहाटे उठून घाम गाळला, त्यांचे काय? संघ म्हणून जिंकलात तर संघ म्हणूनच गमवा, असे उत्तर देता येईल. त्या मुलांच्या आईवडिलांसमोर उभे राहून ते द्यायला आम्ही धजावणार नाही.

त्या वेळी फादर जॉन जेंकिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष होते. ते होली क्रॉसचे धर्मगुरू आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. संत थॉमस यांच्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला आहे. त्यांनी या निर्णयाचा जाहीर निषेध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आम्ही प्रामाणिकपणे मागचे गुण बदलले म्हणून विजय गेले. गुण तसेच ठेवून त्या विद्यार्थ्यांना नुसते काढून टाकले असते तर विजयांना धक्काही लागला नसता. हे खोटे नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये याच संघटनेपुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रकरण होते. तेथे अनेक वर्षे नावापुरते वर्ग चालले होते आणि तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी, त्यांत बऱ्याच खेळाडूंनी, त्यांत नाव घातले होते. त्या विद्यापीठाने 'हे वर्ग सर्वांसाठी खुले होते' असे सांगितले आणि दिलेले गुण मागे घेतले नाहीत. तेव्हा संघटनेला त्या वर्गांबद्दल शिक्षा देता आली नाही. ज्याने वही दुरुस्त केली त्याची वही कोरी झाली आणि ज्याने केली नाही त्याची वही शाबूत राहिली.

येथे आम्ही फादर जेंकिन्स यांच्या बाजूचे आहोत, पण सगळेच्या सगळे नाही. कबुली देणाऱ्याला जास्त शिक्षा व्हावी हा नियम वाईट आहे, कारण तो पुढच्या माणसाला गप्प बसायला शिकवतो. आपल्या घरांतही हेच चालते. फुलदाणी कोणी फोडली हे सांगणाऱ्या मुलाला पहिला धपाटा मिळतो आणि मग पुढे वीस वर्षे आपण म्हणतो, मूल आमच्याशी बोलत नाही. पण कबुलीची किंमत शून्यच असावी असा आग्रह धरला तर ती कबुली राहत नाही, तो सौदा होतो. जख्खयाने प्रभूला घरी घेतले आणि फसवून घेतले असेल त्याच्या चौपट परत देईन असे स्वतः म्हटले. तेवढे देऊन झाल्यावर त्याच्या हाती किती उरले, हे लूक सांगत नाही.

त्या विद्यार्थिनीविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. दमलेल्या खेळाडूंचा अभ्यास करून देणे हा तिला शेजारधर्म वाटला असेल. आम्हाला तिच्यावर दगड उचलता येत नाही, कारण तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आम्हीही तेच केले आहे. आमचा एक सोबती फुटबॉल सुंदर खेळायचा. लिहायला बसला की मात्र त्याला घाम फुटायचा. त्याचा एक निबंध आम्ही रात्री जागून लिहून दिला. विषय होता अॅरिस्टॉटलचा सद्गुणविचार! सद्गुण हा ज्याचा त्याने कृती करून, पुन्हा पुन्हा करूनच अंगी बाणवायचा असतो, उसना मिळत नाही, असे आम्ही त्या निबंधात उत्तम मांडले होते. त्याला चांगले गुण पडले. आम्हालाही मदत केल्याचे समाधान मिळाले आणि, खरे सांगायचे तर, थोडा गर्वही झाला. तो पुढे सेमिनरी सोडून गेला. त्याला लिहायला कधीच आले नाही. नोकरीत साधा अर्ज लिहायचा तरी तो दुसऱ्याकडे जाई. आम्ही त्याला गुण मिळवून दिले आणि शिकण्याची संधी काढून घेतली. आम्ही ते पाप कबूल केले, पापक्षमा मिळाली, ते प्रकरण देवाकडे मिटले. पण त्याला अर्ज लिहिता येईना, हे त्या पापक्षमेने बदलले नाही. धर्मशिक्षणही आपल्याला हेच सांगते : पापक्षमेने पाप जाते, पापामुळे झालेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. ती जमेल तेवढी भरून काढणे हा प्रायश्चित्ताचाच भाग आहे. भावाच्या हद्दीत दोन फूट बांध सरकवला, कन्फेशन झाले, आणि बांध मात्र तेथेच, असे चालत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. देव आपल्या पापांची आठवण ठेवत नाही, असे यशया प्रवक्ता सांगतो. आम्हीही ते प्रवचनात अनेकदा सांगितले आहे आणि पुन्हा सांगू. पण ते ऐकून पुष्कळांना वाटते की देवाकडेही एनसीएएसारखी वही असावी आणि तो त्यातली पाने फाडत असावा. शुभवर्तमान तसे दाखवत नाही. प्रभू पुनरुत्थित झाला तेव्हा त्याच्या हातापायांवर व्रण होते. मरणावर विजय मिळवणाऱ्याला ते पुसणे काय कठीण होते? संत थोमाला त्याने तेच व्रण दाखवले. पेत्राने तीनदा नाकारले, ही हकिगत चारही शुभवर्तमानांत आहे. पहिल्या पोपमहाशयांच्या नावे असलेली ही नामुष्की एकाही लेखकाने गाळली नाही. सरोवराच्या काठी प्रभूने पेत्राला तीनदाच विचारले की, तुझे माझ्यावर प्रेम आहे का. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला, असे योहान लिहितो. दुखणारच. त्या रात्रीचा एकेक नकार प्रभूने पुन्हा समोर आणून ठेवला आणि प्रत्येकावर 'माझी मेंढरे चार' असे काम सोपवले. नकार घडला होता, तो घडलेलाच राहिला. त्याला आता पुढे काहीतरी जोडले गेले.

नोंदवहीने विजय तेवढे खोडले आणि पराभव ठेवला, हे आम्हाला राहून राहून आठवते, कारण असा हिशेब ठेवणारी माणसे आम्हाला नेहमी भेटतात. चाळीस वर्षांचा संसार केलेली बाई एका चुकीपायी म्हणते की, फादर, माझं आयुष्य फुकट गेलं. आणि आपण सगळे मिळून दुसऱ्यांचाही असाच हिशेब करतो. एखाद्या कार्यकर्त्याच्या हातून पैशाची गफलत होते. ती चूक आहे, पैसे भरले पाहिजेत, पद गेले पाहिजे. पण त्याच दिवसापासून त्याने पंचवीस वर्षे मयताला दिलेला खांदा, पुराच्या वेळी रात्रभर उपसलेले पाणी, यांतले काहीच घडले नव्हते असे आपण धरून चालतो. पद काढून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे. त्याचे पाणी उपसणे खोडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ते तर संत थॉमस यांच्या मते देवालाही शक्य नाही. मिस्सेला मागच्या बाकावर एकटे बसलेले असे कोणी आपल्याला दिसत असेल तर शेजारी जागा रिकामी आहे.

राहता राहिला तो आमचा सोबती. मागच्या वर्षी एका लग्नात तो भेटला. केस पिकले आहेत, गुडघे गेले आहेत. जेवताना आम्ही त्या निबंधाचा विषय काढला आणि इतक्या वर्षांनी त्याची माफी मागितली. तो आधी हसला. मग म्हणाला, "तुला खरं सांगू? मी तो तेव्हाही वाचला नव्हता. जसा दिलास तसा नेऊन दिला." थोड्या वेळाने त्याने विचारले, "आहे का रे अजून? असला तर पाठव. आता वाचेन म्हणतो."

आमच्या जुन्या ट्रंकेत कच्चा खर्डा असण्याची शक्यता आहे. शोधतो आहोत.

आपले,
प्रमुख धर्मगुरू